गुडघ्यांनी बघितलेली स्टेशनं

माझा भाचा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांना या सेमिस्टरला विषय दिलाय स्टेशनं आणि टर्मिनस. नेटवरून फोटो उचलून चालणार नव्हतं, प्रत्यक्ष जायचं, स्केचेस काढायची, मापं घ्यायची, माणसं कुठून येतात नि कुठे जातात ते उभं राहून बघायचं. ताईने फर्मान काढलं, एकटा जायचं नाही, मावशीला ने. मावशी म्हणजे मी, रिटायर्ड, रिकामी आणि दोन्ही गुडघ्यांनी अधू. त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं. मी म्हटलं बाळा तुझ्याकडे टेप आहे, माझ्याकडे गुडघे आहेत, बघू कोणाचं माप खरं निघतं.

दिवस पहिला – व्हीटी

व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव बदललं, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस म्हणजे सीएसटी झालं, २०१७ ला त्यात महाराज आले आणि सीएसएमटी झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडात व्हीटी बसलंय ते बसलंय. नाशिकहून पंचवटीने गेलो. गाडी थांबली, उतरलो आणि सरळ चालत बाहेर, मध्ये एक जिना नाही. हे इतकं साधं आहे की आयुष्यभर तिथून जाऊनसुद्धा माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. टर्मिनस म्हणजे रूळ इथेच संपतात, मग रूळ ओलांडायची भानगडच नाही, इंजिनाच्या नाकासमोरून वळसा घालायचा की कुठल्याही फलाटावर जाता येतं. लोकलचे ७ फलाट, लांबच्या गाड्यांचे ११, आणि सगळे एका पातळीवर! माझ्या गुडघ्यांनी तिथेच शंभरपैकी शंभर देऊन टाकले.

भाच्याला मात्र पुढची बाजू बघायची घाई. मग बॅगा सांभाळत महापालिकेच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, तिथून इमारत पूर्ण दिसते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाचा आर्किटेक्ट, १८७८ ला काम सुरू केलं ते पुरं व्हायला १८८८ उजाडलं, खर्च सोळा लाखांच्या वर, त्या काळचे हं. मध्येच १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, एक त्यांचा देश आणि एक आपला, दोघं एकमेकांकडे न बघता बसलेत ते बरंच झालं. सगळ्यात वर घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक, ती म्हणजे प्रगती. घुमट अष्टकोनी, दगडी फासळ्यांचा, आणि बांधताना खालून लाकडी आधार दिलाच नव्हता असं भाचा म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज जरा बदललेला होता, पोरगं खरंच या विषयात रमलंय म्हणायचं.

दगडातल्या नक्षीकामात जेजे या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं तर विचारू नका. दर्शनी भागावर गोल चौकटींमध्ये चेहरे कोरलेत, बहुतेक रेल्वे कंपनीचे गोरे साहेब, पण त्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय पण आहेत. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तिच्यामागे नानांची खटपट होती, त्यामुळे ते तिथे असणं रास्तच आहे.

मग आत आलो, लोकलच्या तिकीट खिडक्या आहेत त्या हॉलमध्ये. त्याला स्टार चेंबर म्हणतात, छताला चांदण्या काढल्यात म्हणून. संगमरवरी खांब, कमानीच्या टोकाला कोरलेली पानं, आणि त्याच खांबाला टेकून एक माणूस पिशवीतून केळं काढून शांतपणे खात होता. मी वर बघत उभी, तर मागून आवाज, ओ काकी, लाइनीत आहात का नुसत्याच उभ्या आहात? लाइनीत नव्हतेच, सरकले बाजूला.

तिथे बसल्यावर भाच्याने वहीत नकाशा काढला आणि मला एक गंमत दाखवली. हा जो एवढा मोठा घुमट आहे, त्याच्याखाली स्टेशन नाहीच! त्याच्याखाली आहे ऑफिसचा भव्य जिना, म्हणजे रेल्वेच्या मुख्यालयाचा. पाशिंजर बाजूने येतो आणि बाजूनेच जातो. लांबच्या गाड्यांची बाजू तर १९२९ ची, नंतर जोडलेली, तिथे असला काही नखरा नाही. म्हणजे रोज लाखो लोक ज्या इमारतीतून ये-जा करतात तिचा सगळ्यात देखणा भाग त्यांच्या वाटेतच येत नाही, तो रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी आहे. मला जरा वाईटच वाटलं. भाचा म्हणाला मावशी, इमारतीचं तोंड वेगळं नि तिची वाट वेगळी. म्हटलं हे लिहून ठेव, मार्क मिळतील.

बाहेर पडून रस्ता ओलांडायचा म्हणजे सबवे, आणि सबवे म्हणजे जिना. इंग्रजांनी एक पायरी लागू दिली नाही, ती कसर समोरच्या रस्त्याने भरून काढली.

रात्री मुलुंडला दिरांकडे मुक्काम.

दिवस दुसरा – भायखळा, दादर आणि पुलांचं पुराण

सकाळची गर्दी ओसरल्यावर स्लो लोकलने भायखळ्याला उतरलो. देशातल्या जुन्यात जुन्या टिकून असलेल्या स्टेशनांपैकी हे एक, १८५० च्या दशकातलं. मधल्या काळात त्याच्यावर इतके रंगाचे थर, इतक्या केबली आणि पत्रे चढवलेले होते की जुनं काही उरलंय हेच कोणाला माहीत नव्हतं. आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी ते सगळं उतरवून मूळ स्टेशन बाहेर काढलं आणि त्याला २०२२ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. बसकी दगडी इमारत, कमानी, तोरा असा काही नाहीच, आणि मला व्हीटीपेक्षा हेच जास्त आवडलं. इथे जी कमान आहे तिच्या खालूनच तुम्ही चालता. भाच्याला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं छोटं स्टेशन छान करणं सोपं असतं. असेल बाबा.

मग दादर. दादरबद्दल काय सांगायचं. मध्य आणि पश्चिम अशी दोन स्टेशनं शेजारी शेजारी वाढली, मागून पुलाने जोडली, आणि वर्षानुवर्षं दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, चुकलेली माणसं रोज तिथे एकमेकांना फोन करून भांडायची. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून १४ पर्यंत नंबर दिले तेव्हा कुठे तो घोळ मिटला. एक भिंत पाडावी लागली नाही की एक खांब हलवावा लागला नाही, नुसत्या पाट्या बदलल्या आणि स्टेशन सुधारलं. भाच्याला म्हटलं तुमच्या सिलॅबसमध्ये पाट्या आहेत का? नाहीत म्हणे.

दादरच्या पुलावर चढताना माझी खरी परीक्षा झाली. मधल्या कठड्याला धरून मी बाजूबाजूने चढतेय, आणि वरून गाडीतून सुटलेला लोंढा असा उतरतोय की आपण उभं राहायचं, पाठ भिंतीला लावायची आणि तो ओसरायची वाट बघायची. भाच्याने तिथेच टेप काढला तर एक पोलीस दादा आले, काय चाललंय? कॉलेजचं आयकार्ड दाखवल्यावर हसले, म्हणाले रुंदी मोजून काय करणार, संध्याकाळी सहाला या म्हणजे टेपशिवाय कळेल.

त्यावरून प्रभादेवीचा विषय निघाला. २९ सप्टेंबर २०१७, तेव्हा त्या स्टेशनाला एल्फिन्स्टन रोडच म्हणायचे. सकाळी जोराचा पाऊस आला म्हणून माणसं पुलाच्या जिन्यातच थांबली, मागून गाड्या येतच होत्या, वर गर्दी दाटत गेली आणि त्या अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी होऊन वीसच्या वर माणसं गेली. गिरण्या बंद होऊन तिथे ऑफिसं आली, उतरणारी माणसं कितीतरी वाढली आणि जिना तेवढाच राहिला. नंतर लष्कराला बोलावून तिथे नवा पूल बांधून घेतला, २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. आम्ही त्यावरून गेलो, भाचा तिथे काही बोलला नाही, स्केचही काढलं नाही.

दुपारी मुंबई सेंट्रल. क्लॉड बॅटली यांचं डिझाइन, १९३० चं, अवघ्या २१ महिन्यांत उभं केलेलं. कुलाब्याचं स्टेशन बंद व्हायचं होतं, लांबच्या गाड्यांसाठी नवी जागा हवी होती. हे बॅटली जेजेला शिकवायचे, आणि स्टीव्हन्सचा सगळा डामडौल यांनी बाजूला ठेवलाय, मोठा उंच हॉल, सरळ रेषा, दमलेल्या माणसाला बसायला जागा. कोणी फोटो काढायला थांबत नाही, त्यामुळे मोकळंही असतं. आम्ही तिथे बसून डबा खाल्ला.

चर्चगेट धावतपळत झालं. गंमत अशी की तिथे सगळे ज्या घुमटवाल्या इमारतीचे फोटो काढतात ती स्टेशन नाहीच, समोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, १८९९ चं, तेही स्टीव्हन्सचंच, आणि व्हीटीसमोरची महापालिकासुद्धा त्यांचीच. म्हणजे एका माणसाने दोन्ही रेल्वेंची ऑफिसं सजवून दिली. चर्चगेट स्टेशन आपलं साधं चौकोनी, पण टर्मिनस असल्यामुळे फलाटावरून बाहेर येईपर्यंत एक जिना नाही. तोंड सामान्य, वाट उत्तम.

दिवस तिसरा – नवी मुंबई

मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली की वारा बदलतो. वाशीला लोकल पोचली ती १९९२ ला, मग पुढच्या वर्षी नेरूळ, बेलापूर. या स्टेशनांचा हिशोबच वेगळा, खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, आणि ३३ टक्के रेल्वेचा, आणि त्यापायी कित्येक वर्षं इथल्या तिकिटावर वेगळा सरचार्ज लागायचा. शहर आधी कागदावर काढलं होतं, त्यात स्टेशन म्हणजे सेक्टरचा मध्य, त्याच्यासमोर मोठं पटांगण, वर ऑफिसं, खाली दुकानं. वाशीला स्टेशनच्या डोक्यावर अख्खा आयटी पार्क बसवलाय.

इथे माझे गुडघे खूश, आणि का खूश ते भाच्याने समजावून सांगितलं. मुंबईत बहुतेक ठिकाणी रुळांवरून पूल आहे, इथे बहुतेक ठिकाणी रुळांखालून सबवे. आता रुळांवरून जायचं तर पूल गाडीच्या वर, आणि गाडीच्या वर विजेची तार, तिच्याही वर सुरक्षित अंतर सोडून. म्हणजे दुमजली घराएवढं चढा आणि तेवढंच उतरा. खालून जायचं तर माणूस उभा मावेल एवढी उंची पुरते, काम साधारण अर्ध्या पायऱ्यांत होतं. इतकी सोपी गोष्ट! मी विचारलं मग सगळीकडे सबवेच का नाही करत? तर चालू रुळांखाली खणणं महाग आणि जिकिरीचं, पाणी भरतं ते वेगळंच, पूल काय रात्रीतून क्रेनने उचलून ठेवता येतो. सिडकोला मोकळी जमीन मिळाली, आधी सबवे करून मग वर रूळ घालता आले. जुन्या मुंबईला ती चैन नव्हती.

बेलापूर मात्र मला खायला उठलं. फलाट इतके रुंद, छत इतकं उंच, खांब इतके जाड, आणि दुपारी दोन वाजता माणसं मोजकी. एका टोकाला कुत्री झोपलेली, बरेच गाळे शटर ओढलेले. भाच्याचं मत एकदम उलट, तो म्हणतो मावशी गर्दी वाढल्यावर रुंदी वाढवता येत नाही, प्रभादेवी आठव, आधीच मोठं बांधलं हेच शहाणपण. मुद्दा बिनतोड होता. पण बसायला बाक कुठे आहेत सांग, एवढ्या मोठ्या जागेत? तर तो बाक शोधायला गेला आणि चहा घेऊन आला.

परतीत सीवूड्स. रुळांवर मॉल, ऑफिसं, सगळं एकत्र, एसीतून चालत चालत फलाटाकडे. बाहेरून बघितलं तर स्टेशन कुठेय ते विचारावं लागतं. पोरगं हरखून गेलं, मला वाटलं स्टेशनला मॉल जोडलाय की मॉलला स्टेशन? दीड तास तिथे गेला आणि त्यातला सव्वा तास कपड्यांच्या दुकानात, त्याचं उत्तर त्यातच आलं.

दिवस चौथा – जमिनीखालून

मेट्रो तीन, ॲक्वा लाइन. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर आणि बाकी २६ खाली. पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, कफ परेडपर्यंत पूर्ण लाइन ऑक्टोबर २०२५ ला. आम्ही दादरहून बसलो. सरकत्या जिन्याने एक मजला, तिकीट, तपासणी, परत सरकता जिना, आणि खाली फलाटाला काचेची भिंत, गाडी आली की गाडीचं दार नि भिंतीचं दार समोरासमोर येऊन बरोबर उघडतात. इतकं खोल उतरले पण गुडघ्याला काही कळलं नाही. लिफ्टही आहेत. दादर लोकलच्या पुलानंतर हे म्हणजे माहेरपण.

पण दोन-तीन स्टेशनांवर उतरून बघितल्यावर कंटाळा आला, कारण कुठे उतरलो ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तीच उंची, तेच चकचकीत पॅनल. भाचा म्हणाला ते तसंच असणार, वरून रस्ता उघडून गाडीच्या लांबीचा लांबलचक खड्डा खणायचा, त्यात काँक्रीटची पेटी बांधायची, वर झाकण घालून रस्ता परत करायचा. पेटी सगळीकडे पेटीच. काळबादेवी-गिरगावला मात्र असं करायला जागाच नव्हती, जुन्या इमारती, चिंचोळ्या गल्ल्या, म्हणून तिथे खालच्या खाली बोगद्यासारखं खोदत स्टेशन केलं, आणि तरीही काही इमारती पाडून लोकांना हलवावंच लागलं. माझी मैत्रीण गिरगावातली, ती म्हणते स्टेशन झालं तेव्हा आम्ही तिथे राहिलोच नव्हतो.

मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला नाव आहे जगन्नाथ शंकरशेट. व्हीटीला नानांचा चेहरा दगडात कोरलेला, इथे पाटीवर नाव. पुढच्या वेळी चेहरा पण लावा राव, तेवढीच त्या पेटीला ओळख.

सीएसएमटीला वर आलो. मेट्रो त्या सबवेलाच जोडली आहे, त्यामुळे रस्त्यावर न येता लोकलकडे जाता येतं. संध्याकाळची डेक्कन क्वीन होती, पाच-दहाची. १९३० पासून धावतेय ही गाडी आणि अजून तिला डायनिंग कार आहे. लोणावळा यायच्या आत चीज टोस्ट झाला, ऑम्लेट झालं, अभ्यास मात्र झाला नाही.

दिवस पाचवा – पुणे

पुणे स्टेशनची इमारत १९२५ ची, म्हणजे शंभरी झालेली, बाहेरच्या रिक्षावाल्यांच्या गराड्यातून ती बघायला मान वर करायची उसंत मिळाली तर दिसते. आम्ही तिथून मेट्रो पकडून डिस्ट्रिक्ट कोर्टला गेलो. पूर्ण प्रवासात भाचा ज्या एका स्टेशनाची वाट बघत होता ते हे. ३३ मीटर खोल, आणि वर उन्नत मेट्रो वेगळी, म्हणजे एक मार्ग डोक्यावरून जातो नि एक पायाखालून, मध्ये हे स्टेशन दोघांना जोडतं. अशा खोलीत दिवाबत्तीशिवाय काय असणार असं वाटतं ना, तर छताला मोठी उघडीप ठेवून तिथून ऊन थेट खालच्या फलाटापर्यंत सोडलंय. आम्ही गेलो तेव्हा साडेबारा झाले होते. ऊन तिरकं होऊन फलाटाच्या लादीवर पडलेलं, एक आजी मुद्दाम त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या, डिसेंबर होता ना. गाडी आली तरी त्या हलेनात, नात ओढून घेऊन गेली.

मी म्हटलं हे बघ, हे पाशिंजरसाठी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, फोटोत पण धड येत नाही, खाली उतरलेल्या माणसालाच मिळतं. भाच्याने मान डोलावली आणि पानभर स्केच काढलं, प्रवासातलं सगळ्यात चांगलं.

मग डेक्कन आणि संभाजी उद्यान. या दोन स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची केलीत, नदीकाठाने येताना लांबूनच दिसतात. पुणेकरांमध्ये यावर दोन तट आहेत, दोघांशीही वाद घालू नये. मला एवढंच दिसलं की पगडी बाहेरून पगडी आहे, आत फलाटावर उभं राहिलं की वर नुसतं मोठं वाकडं छत. पुन्हा तेच, व्हीटीच्या घुमटासारखं, बघणारा पलीकडच्या काठावर. भाचा चिडला, म्हणाला शहराला ओळख नको का? काल मेट्रोच्या पेट्या एकसारख्या म्हणून तूच कंटाळली होतीस. आता यावर काय बोलणार! नदीपलीकडच्या पेठांकडे जायला पादचारी पूल काढलेत ते मात्र दोघांनाही आवडले, पेठेतल्या माणसाला स्टेशन खरंच जवळ आलं. आणि लकडी पुलावर मेट्रोची उंची किती ठेवायची यावरून २०२१ ला गणेश मंडळांनी काम अडवलं होतं, विसर्जनाचे रथ खालून कसे जाणार म्हणून. हे असलं माप कुठल्या पुस्तकात सापडणार सांगा.

नाशिकची एसटी पकडायची म्हणून शिवाजीनगरला आलो. इथे खरं तर सगळं जुळून आलेलं होतं, रेल्वे स्टेशन, शेजारीच एसटी स्टँड, आणि आता त्याच जागी खाली मेट्रो. पण मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी स्टँड वाकडेवाडीला हलवला, मेट्रो कधीच सुरू झाली आणि स्टँड अजून तिकडेच आहे. म्हणजे खोल भुयारातून सरकत्या जिन्याने आरामात वर या, आणि मग बॅगा घेऊन रिक्षा शोधा. भाचा म्हणाला मावशी, जुन्या जागी नवा स्टँड होणार आहे, तिन्ही एकत्र जोडणार आहेत, प्लॅन आहे. मी विचारलं त्या प्लॅनमध्ये बायकांचं टॉयलेट कुठे दाखवलंय? आम्ही बघितलं त्यातल्या बहुतेक ठिकाणी ते एका टोकाला होतं, तिकीट तपासणीच्या पलीकडे किंवा शोधूनच न सापडणारं. त्याने वही उघडून त्याची सगळी स्केचेस चाळली, त्याच्याही एकाही नकाशात ते नव्हतं. रिक्षावाला शंभर म्हणत होता, ऐंशीत तयार झाला.